भिंती एकीकडे, कोठड्या दुसरीकडे

प्रश्न : मुलगी-जावई कॅलिफोर्नियात असतात. सप्टेंबरअखेर आम्ही सगळे लेक टाहोला जाणार आहोत. तिथून जवळच मार्कलीव्हिल नावाच्या डोंगरातल्या गावात अल्पाइन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) छोटं संग्रहालय आहे. मला फार जावंसं वाटतं, पण घरचे म्हणतात, 'जुन्या चुली आणि फावडी बघायला कशाला दिवस घालवायचा?' काय करावं? — एक वाचक

उत्तर : जा, आणि घरच्यांनाही घेऊन जा. तासभरात उरकू म्हणाल तर चुकाल. दिवस मोकळाच ठेवा.

आधी त्या गावाची गोष्ट सांगते, म्हणजे तिथे काय बघायचं ते कळेल. 1864 साली चांदीच्या खाणींच्या भरात ही काउंटी झाली. तेव्हा तिचं मुख्य ठिकाण मार्कलीव्हिल नव्हतं, सिल्व्हर माउंटन सिटी होतं. चांदीचा भर ओसरला, माणसं पांगली आणि 1875 मध्ये कारभार मार्कलीव्हिलला आला. आज सगळ्या काउंटीत मिळून जेमतेम बाराशे माणसं राहतात. कॅलिफोर्नियात याहून कमी वस्तीची काउंटी नाही.

संग्रहालय गावावरच्या टेकडीवर आहे. 1882 ची वेबस्टर शाळा तिथे आहे आणि शेजारीच लाकडी ओंडक्यांचा तुरुंग. मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती या तुरुंगात. आतल्या लोखंडी कोठड्या सिल्व्हर माउंटन सिटीहून आणलेल्या आहेत. जवळ जाऊन रिव्हेट, म्हणजे लोखंड जोडणारे खिळे, बघा. एकेक हाताने ठोकलेला आहे. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं तर लोखंड थंडगार होतं, बाहेर चांगलं ऊन असूनसुद्धा. गाव उठलं, घरं गेली, पण तुरुंगाचं लोखंड मात्र लोकांनी सोबत आणलं. नव्या जागी पहिल्यांदा काय लागतं, हे त्यांना ठाऊक असणार.

तिथून निघालात की हायवे 4 ने सिल्व्हर माउंटनच्या जागेपर्यंत जा. कोठड्या ज्या दगडी तुरुंगात होत्या, त्याचे अवशेष रस्त्याच्या कडेला आहेत. बाकी गाव म्हणून काही शिल्लक नाही. आधी कोठडी बघून मग त्या भिंतींशी उभं राहायचं, हा क्रम उलटा करू नका. वाटेत काळवंडलेली झाडं दिसतील, ती 2021 च्या टॅमरॅक वणव्याची. त्या जुलैत अख्खं मार्कलीव्हिल रिकामं करावं लागलं होतं.

स्नोशू थॉम्पसनबद्दल जरूर विचारा. नॉर्वेत जन्मलेल्या या माणसाने 1856 पासून वीस हिवाळे बर्फातून टपाल नेलं. कॅलिफोर्नियातलं प्लेसरव्हिल ते शेजारच्या नेवाडा राज्यातलं जेनोआ, सुमारे 145 किलोमीटर, मध्ये सिएरा नेवाडाची रांग. पायात दहा-दहा फुटी स्की असायच्या. तिथले लोक त्यांनाच स्नोशू म्हणत. पुढे त्याने याच काउंटीत, डायमंड व्हॅलीत, शेती केली. इतक्या वर्षांच्या कामाचा मोबदला सरकारने त्याला कधी धड दिला नाही, हे मला अजून सलतं.

आणि वाशो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांबद्दलही विचारा. खाणवाले यायच्या कितीतरी आधीपासून ही त्यांची भूमी, आणि त्यांची वस्ती आजही याच काउंटीत, वुडफोर्ड्सजवळ आहे. त्यांच्याबद्दल बोलताना 'होते' म्हणू नका.

एक नक्की करा : निघण्याआधी फोन करा. हे संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं आणि उघडं असतं तेव्हाही आठवड्याचे सगळे दिवस नाही. मी पहिल्यांदा नोव्हेंबरात गेले होते. कुलूप बघून परतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेले. मॉनिटर आणि एबेट्स या दोन्ही खिंडी बर्फ पडलं की बंद होतात, त्यामुळे रस्त्याचीही चौकशी करून ठेवा.

आत गेलात की टेबलाशी बसलेल्या व्यक्तीला एवढंच विचारा, 'यातलं तुम्हाला सगळ्यात आवडतं काय?' मला एका आजीबाईंनी त्या रिव्हेटांशी नेलं होतं.