मर्जी राखणारे आजोबा

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चमधल्या लोकांची, दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. तिथले एक आजोबा, गिरणीतून निवृत्त झालेले, कामधंद्यासाठी पांगलेल्या पोरापोरींची नावं घेऊन प्रार्थना करतात. कुणी पुण्याला, कुणी मस्कतला. प्रत्येक नावापुढे त्यांचं वाक्य ठरलेलं: 'प्रभू, याला तुझी मर्जी कळू दे, आणि कळल्यावर ती राखायचं बळ दे.' नव्या पाळकसाहेबांनी त्यांना गोड शब्दांत टोकलं. मर्जी हा शब्द मुसलमानी, शिवाय त्याला लहरीपणाचा वास. देवाची 'इच्छा' म्हणावं. आजोबा हसले, 'बरं' म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी प्रार्थना करायलाच उठले नाहीत. ताई विचारतात, बरोबर कोण?

सांगतो. पण आधी माझा एक राग. ताई, तुम्ही मजकुराच्या डोक्यावर 'प्रार्थना विनंती' असं लिहिलंय. हे जोडपं मी हल्ली सगळीकडे ऐकतो. आमच्या जिन्यातल्या फळ्यावरसुद्धा खडूनं लिहिलेलं असतं. अहो, 'अर्थ' धातूचा अर्थच मुळी मागणं, त्याला 'प्र' लावला की प्रार्थना. म्हणजे प्रार्थना हीच विनंती. पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र यांच्या रांगेत आता हिलाही बसवा. त्याचाच धाकटा भाऊ 'अमक्याला प्रार्थनेत उचलून धरा'. मराठीत मागणी उचलून धरतात, माणूस उचलून धरला तर त्याला गुदगुल्या होतात. 'प्रार्थनेत आठवण ठेवा' असं साधं म्हणायला काय जातं?

असो. इच्छेचे नेहमीचे अर्थ सांगत बसत नाही. पावसाळ्यात कांदाभजी खायची इच्छा कुणाला होत नाही? धातू इष्, म्हणजे शोधणं, हवंसं वाटणं. इष्ट, अनिष्ट, अन्वेषण हे सगळे त्याच घरचे. इंग्रजीतला 'आस्क' हाही याच कुळातला दूरचा भाऊबंद. तेव्हा देवाकडे त्याची इच्छा मागणं म्हणजे एकाच मुळाची दोन पानं एकमेकांवर ठेवणं. गंमत आहे खरी, पण आजचा मानकरी तो शब्द नव्हे.

आजचा मानकरी मर्जी. हा अरबी शब्द फारसीच्या दारातून आपल्याकडे आला. आरंभीचा 'म' मुळातला नाही, तो अरबी व्याकरणानं पुढे चिकटवलेला. मंजूर पाहा: आत नजर आहे, मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं. मजकूर पाहा: आत जिकीर आहे. तसा मर्जीतला 'म' काढा, उरतो राजी. मर्जी म्हणजे मुळात 'ज्यानं कुणीतरी राजी झालं ते'. लहर नव्हे, हुकूमही नव्हे. समाधान.

याच राजीचं गोत केवढं आहे! नाराज त्यातलाच. ऑफिसात काढतो ती रजा त्यातलीच; रजा म्हणजे आधी संमती, मग परवानगी, मग सुट्टी. चित्रकार रझा यांच्या नावातला रझाही हाच. सरकारी मराठीतली 'अर्जित रजा' तर बघत राहावी अशी: अर्जित संस्कृत, रजा अरबी, आणि दोघांचा संसार कसा बिनतक्रार चाललाय.

या शब्दांतला ज मुळात ज नव्हताच. अरबीत तिथे द्वाद नावाचं एक जड अक्षर आहे, जिभेची कड दाढांना लावून काढायचं. अरब लोक आपल्या भाषेला अभिमानानं 'द्वादची भाषा' म्हणतात. इराण्यांना ते जमलं नाही, त्यांनी त्याचा झ केला आणि आपण त्या झचा ज. अर्ज, कर्ज, गरज, हजर, हुजूर, काजी या सगळ्यांत तेच अक्षर दडलंय. जिल्ह्यातसुद्धा! जिल्हा म्हणजे मुळात बरगडी, त्यावरून बाजू, त्यावरून मुलखाचा एक भाग. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं. म्हणजे ताई, तुम्ही बरगडीत राहता. आदामाच्या गोष्टीशी मात्र याचा संबंध जोडू नका, तसं जोडणारे लोक पुष्कळ आहेत.

जोडण्यावरून आठवलं. एका निवृत्त प्राध्यापकांनी मागे एका व्याख्यानात सांगितलं की मर्जी हा शब्द 'मर्ज' म्हणजे रोग यावरून आला. धन्याच्या लहरीचा रोग ती मर्जी. टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होतो, मला घाम फुटला. मर्जमधला म धातूतलाच आहे, मर्जीतला म बाहेरून आलेला. अरबी लिपीत दोन्ही शब्द जवळपास सारखे दिसतात एवढंच त्यांचं नातं. प्रश्नोत्तरात मी हे म्हटलं तर उत्तर मिळालं, 'आपण कोणत्या विद्यापीठातले?' मी छापखान्यातला. तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, म मुळातला की चिकटवलेला हे तेवढ्यानं कळतं.

आता राजीनामा, माझ्या आवडीचा. नामा म्हणजे लेख, तेव्हा राजीनामा म्हणजे राजी असल्याचा लेख. मग राजी असल्याचं लिहून देणारा माणूस नोकरी सोडून का जातो? माझा सिद्धांत असा, आणि तो मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला ऐकवत आलोय. उत्तर जमिनीत आहे. मुंबई इलाख्यात कुळानं सरकारी जमीन सोडायची तर तो राजीनामा लिहून द्यायचा: मी राजीखुशीनं हक्क सोडतो. जो नवा माणूस ती घ्यायचा तो कबुलायत लिहून द्यायचा: मी कबूल करतो. राजीनामा-कबुलायत ही जोडी जुन्या महसुली दप्तरात पानापानावर भेटते. १८७९चा जमीन महसूल कायदा आला तेव्हाही ती चालूच होती. आधी जमीन राजीखुशीनं सोडली, मग खुर्ची. शेवटी खुशी गळाली आणि नुसतं सोडणं उरलं. भाषाशुद्धीवाल्यांनी याला 'त्यागपत्र' असा शब्द दिला. त्यांचा 'दिनांक' रुजला, त्यागपत्र नाही. ज्या माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश रचला तेच पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, पण राजीनामा त्यांनाही हलवता आला नाही.

हे सगळं एका ख्रिस्ती प्रश्नाच्या उत्तरात कशाला, असं पाळकसाहेब म्हणतील. त्यांनी गेथशेमाने बाग आठवावी. अटकेच्या रात्री तिथे प्रार्थना करताना येशू म्हणतो, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. वाक्याचा पहिला अर्धा भाग राजीनामा आहे, दुसरा कबुलायत. एका दमात दोन्ही कागद. मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि करी रोडला उतरायचा तो दादरला उतरलो.

माझे वडीलही गिरणीतलेच, परळच्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत रजेच्या अर्जाची एक कार्बन नक्कल मिळाली. निळसर, घडीवर फाटलेली. 'घरी मंडळी आजारी असल्याकारणाने चार दिवसांची रजा मंजूर करण्याची मेहेरबानी व्हावी.' खाली वळणदार सही आणि समासात साहेबाच्या लाल पेन्सिलीतले दोनच शब्द: 'दोन दिवस'. रजा, अर्ज, मंजूर, तिन्ही शब्द अरबस्तानातून निघून परळला पोचलेले. अर्ज म्हणजे पुढे मांडणं, रजा म्हणजे संमती. रजेचा अर्ज म्हणजे कुणीतरी राजी व्हावं म्हणून केलेली मांडणी. भांडुपच्या आजोबांनी उभ्या नोकरीत असले किती कागद लिहिले असतील! तोच माणूस गुरुवारी दुसऱ्यांच्या पोरांसाठी अर्ज मांडतो, तेव्हा त्याच्या तोंडी मर्जी येणार नाही तर काय येईल?

पाळकसाहेबांचा दुसरा मुद्दा, लहरीपणाचा. तो अगदीच टाकाऊ नाही. मर्जी फिरते, मर्जी खप्पा होते, साहेबाच्या मर्जीतला माणूस बढती घेऊन जातो. दरबाराचा वास आहेच. पण क्रियापदं जरा जवळून पाहा. इच्छा होते, इच्छा पूर्ण होते, की संपली. मर्जी पूर्ण करता येत नाही. ती राखावी लागते, सांभाळावी लागते, उद्या उठून पुन्हा सांभाळावी लागते. आणि मर्जीला नेहमी दोन माणसं लागतात, एक जिची आहे ती आणि एक राखणारा. आजोबांनी कळणं आणि राखणं वेगळं मागितलं ते उगाच नाही.

प्रेषित पौलानं कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलं त्या बायबलमधल्या पत्रातही हेच दोन टप्पे आहेत. कलस्सै आजच्या तुर्कस्तानात. तिथल्या बहुतेकांना पौलानं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी तो त्यांच्यासाठी खंड न पाडता मागतो. पहिल्या अध्यायाच्या नवव्या ओवीत (ओवीच म्हणतो, वचन म्हणा हवं तर) मागणं असं की त्यांना देवाची इच्छा पुरती कळावी. ग्रीक शब्द थेलेमा. तिथे 'इच्छा' चपखल, माझी हरकत नाही. दहाव्यात मात्र मागणं बदलतं: त्यांनी असं वागावं की प्रभूला सर्वतोपरी संतोष व्हावा. तिथला ग्रीक शब्द अरेस्केइया. बायबलच्या नव्या करारात तो एवढ्या एकाच जागी येतो. आणि ग्रीक समाजात त्याची अब्रू काय होती? ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं माणसांचे तीस स्वभावनमुने रंगवले आहेत. त्यातला एक नमुना नेमका अरेस्केइयाचा, पुढे-पुढे करणाऱ्याचा, भेटेल त्याची मर्जी सांभाळणाऱ्याचा!

म्हणजे दरबारी वास असलेला शब्द उचलून देवापुढे ठेवायचं काम पौलानं आजोबांच्या आधी करून ठेवलंय. पाळकसाहेबांना ग्रीक शिकवलं असेलच, त्यांनी कोश उघडून पाहावा.

'मुसलमानी' या आक्षेपाला मी वेगळं उत्तर देत नाही. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात, बाराव्या वचनात, मराठी बायबलमधला एपफ्रास मंडळीला काय सांगतो? सलाम सांगतो. हा एपफ्रास कलस्सैचाच, गाव सोडून दूर राहिलेला, आणि आपल्या गाववाल्यांनी देवाच्या इच्छेत पक्कं उभं राहावं म्हणून प्रार्थनेत झटणारा. झटण्यासाठी ग्रीकमध्ये शब्द आहे तो आखाड्यातला, घाम गाळणाऱ्या मल्लाचा. आपलं 'जीव तोडून' त्याच्या जवळ जातं. सलाम आणि देवाची इच्छा एका वचनात सुखानं नांदतात, मग मर्जीनं कुणाचं घोडं मारलंय?

उलट मला भीती वाटते ती 'इच्छा' या शब्दाचीच. आपण तो वापरतो कुठे? मयताच्या घरी. पोरगं नापास झालं, देवाची इच्छा. नोकरी गेली, देवाची इच्छा. हात झटकले की झालं. मर्तिकाला जाऊन आलेला शब्द गुरुवारच्या सभेत आणायचा तर आधी त्याला आंघोळ घालायला हवी. वकिलांनी मृत्युपत्राचं 'इच्छापत्र' करून त्यात भरच घातली.

तर, ताई, प्रश्न काय होता? हां, बरोबर कोण. व्युत्पत्तीनं आजोबा. पाळकसाहेबांच्या कानाला जे खटकतं ते आजच्या मराठीत खरंच ऐकू येतं, तेवढं त्यांचं. कळण्याच्या जागी 'इच्छा' आणि राखण्याच्या जागी 'मर्जी' म्हटलं तर नववं वचनही सांभाळलं जातं आणि दहावंही: 'याला तुझी इच्छा कळू दे, आणि तुझी मर्जी राखायचं बळ दे.' पण आजोबांना हे सुधारित वाक्य शिकवायला जाऊ नका. त्यांना त्यांचंच म्हणू द्या. येत्या गुरुवारी कुणीतरी आधी घरी जाऊन त्यांना घेऊन या, नाराज माणूस निरोपानं येत नाही. आणि कागदाच्या डोक्यावरचं ते 'विनंती' तेवढं खोडा.