पित्तनलिका चुंबकाने जोडतात, हे खरे आहे का?

आपण लिहिले आहे की वडिलांचे पित्ताशय दुर्बिणीने काढल्यानंतर त्यांची पित्तनलिका पूर्ण बंद झाली, नागपूरला यकृतातून बाहेर नळी काढून पिशवी लावून दिली, आणि आता कोणीतरी सांगते की पोट न उघडता चुंबकाने नलिका जोडता येते. तर हे कितपत खरे आहे, आणि स्वादुपिंडालाही असेच जोडतात का. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सर्जन आहे. ही जोडणी मी स्वतः करत नाही, परंतु अशा नळ्या लावून गावी परतलेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात, म्हणून उत्तर देत आहे.

गोष्ट खरी आहे. मात्र चुंबक काही शिवत नाही. बंद पडलेल्या जागेच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा असे दोन छोटे चुंबक ठेवले की ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत चिमटीत सापडते. दाबामुळे तिथला रक्तपुरवठा थांबतो, काही दिवसांत किंवा आठवड्यांत तेवढा भाग मरून गळतो, आणि त्याच काळात चिमटीच्या कडेचा जिवंत भाग एकमेकांना सांधून येतो. वाट मोकळी झाली की चुंबक आतड्यात घसरून शौचावाटे पडतात, नाहीतर दुर्बिणीने काढून घेतले जातात. (जत्रेतल्या खेळण्यांतले दोन चुंबक लहान मुलाने गिळले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांना असेच चिमटीत धरून भोक पाडतात. तिथे ही क्रिया कोणाच्याच ताब्यात नसते, म्हणून असे मूल एक तासही घरी ठेवू नये.)

दाबून जोडण्याची कल्पना चुंबकापेक्षा बरीच जुनी आहे. फ्रान्समधील देनां यांनी 1826 मध्ये कुत्र्यांची आतडी धातूच्या कड्यांनी जोडली होती, आणि शिकागोच्या जॉन मर्फी यांनी 1892 मध्ये आपले प्रसिद्ध ‘बटण’ (दाबून जोडणारे धातूचे साधन) केले ते पित्ताशय आतड्याला जोडण्यासाठीच. पुढे नियोडिमियम किंवा समेरियम या धातूंपासून बनवलेले, आकाराने लहान पण ताकदीने मोठे चुंबक मिळू लागले, तेव्हा जपानच्या एइगोरो यामानोउची यांनी शस्त्रक्रियेशिवाय ते आत पोहोचवण्याची पद्धत रूढ केली. जपान आणि कोरियात यकृत प्रत्यारोपणानंतर बंद पडलेल्या पित्तनलिकांसाठी ती वापरली गेली आहे.

आता वडिलांच्या प्रकृतीशी थेट संबंध असलेला भाग. माझ्या टेबलाच्या खणात कपाटाच्या दाराचे दोन चुंबक पडलेले असतात. नातेवाइकांना समजावताना मी त्यांच्या मधे हातरुमाल धरतो. एका पदरावर ते खटकन चिकटतात, चार पदरांवर जेमतेम धरतात, आणि आठ पदर केले की खालचा चुंबक टेबलावर पडतो. अंतर थोडे वाढले तरी ओढ फार झपाट्याने कमी होते, त्यामुळे बंद पडलेला तुकडा साधारण एक सेंटिमीटरच्या आत आहे की नाही यावर सगळे अवलंबून असते. शिवाय दोन्ही टोके समोरासमोर हवीत आणि दोन्हीकडून पोहोचायला रस्ता हवा. वरचा रस्ता म्हणजे वडिलांच्या कुशीतून यकृतात गेलेली हीच नळी. तिची वाट टप्प्याटप्प्याने रुंद करून त्यातून पहिला चुंबक सोडतात. दुसरा ईआरसीपीच्या मार्गाने, म्हणजे तोंडावाटे आतड्यापर्यंत दुर्बीण घालून पित्तनलिकेच्या तोंडातून, खालून नेतात. मग वरचेवर एक्स-रे काढून ते किती जवळ आले ते पाहतात. वाट फुटल्यानंतरही ती पुन्हा आकसू नये म्हणून आत नळी ठेवून काही महिने काढावे लागतात. म्हणजे पोट उघडत नाहीत हे खरे असले तरी हे एका दिवसाचे काम नव्हे.

माझे स्पष्ट मत असे की, बारीक तार अडथळ्यातून पार जात असेल तर आधी फुग्याने वाट रुंद करणे आणि स्टेंट, म्हणजे वाट उघडी धरणारी आतली नळी. तार जात नसेल आणि वडिलांची प्रकृती भूल सोसण्याजोगी असेल, तर पित्तनलिका थेट आतड्याला जोडण्याची नेहमीची मोठी शस्त्रक्रिया, जी अनुभवी हातांत वर्षानुवर्षे चांगली टिकते. चुंबकाचा विचार त्यानंतरचा: तार जात नाही, शस्त्रक्रिया झेपणार नाही किंवा एकदा होऊन जोड पुन्हा बंद पडला आहे, आणि अंतर कमी आहे, अशा रुग्णासाठी.

स्वादुपिंडाचे दुखणे वेगळे आहे. तिथला मऊ भाग शिवणे म्हणजे खरवसाला टाके घालणे. दोरा जरा ओढला की कापत जातो. नलिका दोन-तीन मिलिमीटरची, आणि दिवसाला लिटरभर किंवा त्याहून अधिक येणारा तिचा पाचक रस टाक्यांतून झिरपला तर आजूबाजूचे मांसच पचवू लागतो. म्हणून टाक्यांऐवजी चुंबकाच्या कड्या वापरून पाहण्याचा मोह होणे साहजिकच आहे. अडचण वेळेची आहे. वडिलांचे पित्त सध्या पिशवीत जाते, त्यामुळे चुंबकांना तीन आठवडे लागले तरी चालते. स्वादुपिंडाचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडतात तेव्हा रसाला पहिल्या दिवसापासून मोकळा रस्ता हवा असतो. मधोमध पोकळ चुंबक आणि त्यातून नळी अशा युक्त्या केल्या जातात, पण हे काम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांचे आणि मोजक्या रुग्णांचे आहे. नेहमीच्या उपचारात ते अजून धरू नये.

निर्णय काहीही होवो, तोवर नळी सांभाळणे आपल्या हातात आहे. माझ्याकडे एक कापूस पिकवणारे काका नळीसह वावरात जात. पिशवी कमरेला दुपट्ट्याने बांधलेली असे. “डॉक्टरसाहेब, हे नयी मरेपर्यंत अशीच रायते का?” असे ते दर खेपेला विचारत. मे महिन्यात ते चक्कर येऊन पडले ते नळीमुळे नव्हे, तर पाण्यामुळे. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवते. ते सगळे पिशवीत गेले की मीठ-पाणीही जाते, आणि आपल्याकडच्या उन्हात ही तूट लवकर जाणवते. पित्त आतड्यात न पोहोचल्याने ‘के’ जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना नळीविषयी सांगावे. पिशवीत पित्त येणे अचानक थांबले आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नये, रात्रीच निघावे.

चुंबक बसवलेच तर ते बाहेर येईपर्यंत एमआरआय करायचा नाही. पित्तनलिकेसाठी डॉक्टर सर्रास एमआरआयच लिहून देतात, त्यामुळे ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून वडिलांच्या फाइलला वरच टाचून ठेवा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि पुढच्या खेपेस नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. नळीतून औषध सोडून काढलेल्या एक्स-रेची सीडी सोबत न्या, कारण दोन टोकांमधले अंतर त्या चित्रावर मोजायचे असते.