गव्हाच्या रानटी भाईबंदांवरची काणी ओळखताना

काणी म्हणजे झाडावर काळी भुकटी करणारा बुरशीचा रोग. आधी यजमान गवत, म्हणजे ज्यावर ती आली आहे ते, पक्कं ओळखा. एजिलॉप्स, एलिमस, आग्रोपायरॉन या रानटी गवतांत गल्लत झाली तर पुढचं सगळं फुकट. त्यासाठी निरोगी ओंबीसह अख्खं झाड घ्या आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून दुसरीच बुरशी माजते.

मग काळी भुकटी, म्हणजे बुरशीचे बीजाणू, कुठे आहे ते पाहा. पानांवर लांब पट्टे असतील तर युरोसिस्टिस या काणीच्या बुरशीची शंका घ्या. तिचे बीजाणू गोळ्यांत असतात, भोवती वांझ पेशींचं वेष्टण. ओंबीचा नुसता दांडा उरला असेल तर उस्टिलॅगो. दाण्याचं कवच शाबूत, आत सडक्या माशासारखा वास येणारी पूड, तर बहुधा टिलेशिया.

लॅक्टिक आम्लात स्लाइड करून हलकी गरम करा, बुडबुडे जातात. निदान ३० बीजाणूंचं माप घ्या, पाच-दहांवरून जातीचं नाव ठरवू नका. टिलेशिया लेव्हिसचे बीजाणू गुळगुळीत, केरीजचे जाळीदार, कॉन्ट्रोव्हर्साची जाळी खोल. टिलेशियाच्या या तिन्ही जाती फक्त आयटीएस क्रमावरून (बुरशी ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) वेगळ्या होत नाहीत. अंकुरण पाहा: केरीज १५ अंश सेल्सिअसच्या आसपास काही दिवसांत रुजते, कॉन्ट्रोव्हर्साला ५ अंश, उजेड आणि कित्येक आठवडे लागतात.

नवं गवत सापडलं म्हणजे नवी जात, ही घाई नको. विशेषीकरण, म्हणजे बुरशी ठरावीक यजमानावरच जगते, असं म्हणायचं तर गहू आणि रानटी गवत दोन्हींवर उलटसुलट लागण करून बघा, सोबत लागण न केलेली झाडंही ठेवा. मोकळी काणी (ओंबीचा नुसता दांडा उरवणारी उस्टिलॅगो) फुलोऱ्यात टोचावी लागते आणि लक्षणं पुढच्या पिढीत दिसतात. त्याच हंगामात ‘लागली नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका.