जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड घेताय? आधी एवढं बघा

भाऊ, भंगारातला अख्खा गठ्ठा उचलू नका. पहिल्या खेपेला पाच-सहा पुरे. रेकॉर्ड उन्हात तिरपी धरा. नखाला न जाणवणारा ओरखडा चालतो, पण खाचा राखाडी दिसल्या की ती झिजलेली समजा. लग्नाच्या मांडवात वाजून आलेल्या बहुतेक अशाच, आणि धुऊन काही सुधारत नाहीत.

सगळ्यात जास्त नासाडी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डची होते. ती जड, ठिसूळ आणि लाखेची. स्पिरिट लावलं की लाख विरघळते! एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या रेकॉर्डची, बारीक सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासते; ७८ला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वेगळी सुई हवी. एलपी मात्र डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसा. लेबल कोरडं ठेवा.

जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखाली एलपी पापडासारखी वाकते. आतल्या खोलीत, उभ्याच ठेवा.

कव्हरावरचं शाईतलं नाव, ‘लग्नानिमित्त सप्रेम भेट’, तारीख खोडू नका. कुठल्या गाण्यापुढे पेन्सिलीची फुली दिसली तर ते मालकाचं आवडतं असावं. आधी तेच वाजवून बघा, बहुधा तेच जास्त झिजलेलं निघतं.