जुन्या पेंटॅक्स के१०००चं चिकट झालेलं लाइट सील घरी कसं बदलायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा बऱ्याच वर्षांनी कपाटातून काढला, एक रंगीत रोल संपवला, तर अनेक फोटोंत डाव्या कडेला केशरी पट्टा आलाय. मागचं झाकण उघडलं की बोटांना डांबरासारखं काळं लागतं. घरी दुरुस्त होईल का?

होईल. लाइट सील म्हणजे झाकणाच्या कडेने प्रकाश आत येऊ न देणारी फोमची पट्टी, तीच कुजून चिकट झालीय. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. नवीन फोम चिकटवणं वीस मिनिटांचं काम आहे, जुना काढणं दीड-दोन तासांचं. काम बिघडतं ते काढण्यात घाई केल्यानेच.

सुरुवात निगेटिव्हपासून करा, प्रिंट किंवा स्कॅनवरून नको. पट्टा चौकटीबाहेर, कडेच्या छिद्रांपर्यंत किंवा दोन फ्रेममधल्या जागेत गेला असेल तर प्रकाश झाकणाच्या कडेने येतोय. तो चौकटीच्या आतच थांबत असेल, किंवा प्रत्येक फ्रेममध्ये एकाच जागी गोल ठिपका दिसत असेल, तर शंका शटरच्या, म्हणजे फिल्मसमोर असलेल्या आणि फोटो घेताना उघडणाऱ्या, पडद्यावर घ्या. के१०००चा पडदा कापडी आहे, त्याला बारीक भोक पडू शकतं आणि ते फोम बदलून बुजत नाही. तुमचा केशरी रंग मात्र सीलकडेच बोट दाखवतो. रंगीत फिल्ममध्ये लाल प्रकाशाला संवेदनशील थर सर्वांत खाली असतो, त्यामुळे पाठीमागून शिरलेला प्रकाश आधी त्यालाच गाठतो. पट्टा डावीकडे का? फिल्मवर प्रतिमा उलटी पडते. मागून पाहताना उजवीकडे असलेल्या बिजागरीची गळती फोटोत डावीकडे दिसते. सगळ्या फ्रेम सारख्या बिघडत नाहीत, कारण कॅमेरा ज्या फ्रेमवर उन्हात जास्त वेळ राहिला, ती जास्त भाजते.

के१००० १९७६ ते १९९७ या काळात बनला. तुमचा शेवटच्या वर्षांतला असला तरी फोमचं आयुष्य कधीच सरलंय. हा पॉलियुरेथेन फोम, हवेतला ओलावा त्याची साखळी तोडतो. कॅमेरा न वापरताही तो आधी मऊ, मग चिकट होतो, शेवटी भुगा होतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत तर लवकरच.

सामान फार लागत नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीवाले याला ‘आयपीए’ म्हणतात, त्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातलं पाणी फटींत राहतं. ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हर, कॅमेऱ्याजवळही आणू नका. प्लॅस्टिक आणि रंग दोन्ही विरघळतात. बांबूच्या काड्या, दातकोरणी, कापसाचे इअरबड, चिमटा, स्टीलची पट्टी, कटरचं नवं कोरं पातं आणि दाबून हवा मारायचा रबरी फुगा (ब्लोअर) एवढं जवळ ठेवा. फोम काळा, एका बाजूने चिकट आणि सच्छिद्र हवा: झाकणाची कड ज्यांत बसते त्या खाचांसाठी दीड मिलिमीटर जाडीचा, बिजागरीसाठी दोनचा. हस्तकलेच्या दुकानातली रंगीत फोमशीट वापरू नका. ती दाबली जात नाही, उलट ढकलते. मग झाकण बसत नाही आणि जोर करून कडी वाकते.

आता मुख्य काम. झाकण उघडा आणि शटरचा पडदा झाकून घ्या. चौकटीपेक्षा थोडा मोठा जाड कागद कापून कडेच्या धातूवर कागदी चिकटपट्टीने बसवा. पडद्याला ना बोट लागलं पाहिजे, ना अल्कोहोल, ना चिकटपट्टी. कॅमेरा उघडी बाजू खाली कललेली राहील असा धरा, म्हणजे भुगा आत न जाता टेबलावर पडेल.

आधी कोरडंच खरवडा. बांबूच्या काडीचं टोक पटाशीसारखं चपटं तासा आणि खाचेच्या एका टोकाकडून दुसरीकडे सलग ओढा. काळी गुठळी काडीपुढे गोळा होत येते; ती दर सेंटीमीटरला कागदावर पुसा, नाहीतर तीच पुढे माखत जाते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर किंवा पिन वापरायचा मोह टाळा. काळा रंग खरवडला की उघडा धातू चमकतो आणि फिल्मपाशी प्रकाश परावर्तित होतो. मोठा थर निघाल्यावरच अल्कोहोल. बाटलीतून खाचेत ओतायचं नाही, इअरबडवर दोन थेंब. भरपूर ओतलं तर विरघळलेलं डांबर फटींतून आत झिरपतं. बोळा लावा, अर्धा मिनिट थांबा, काडीने ओढा, कोऱ्या बोळ्याने पुसा. बोळा काळा यायचा थांबेपर्यंत हेच चालू राहील, वीस-पंचवीस बोळे सहज जातात. बिजागरीकडचा रुंद तुकडा सर्वांत चिवट असतो. खाली जुन्या गोंदाचा पिवळसर पापुद्रा उरला तर तोही काढा, त्यावर नवा फोम टिकत नाही.

खाचेची रुंदी वर्नियरने मोजून पट्ट्या कापा, अंदाज नको. मागच्या कागदाच्या बाजूने, एकाच दमात कापा. पातं बोथट असेल तर फोम ओढला जाऊन कड वेडीवाकडी येते. खाचेत पट्टी बसवताना गोंद मध्येच भिंतीला चिकटतो, हा नेहमीचा त्रास. त्यावर उपाय सोपा: कागद काढल्यावर गोंदाला पाण्याचं ओलं बोट लावा. काही मिनिटं पट्टी सरकवता येते, काडीने तळाशी दाबत नेता येते. पाणी सुकलं की ती धरते. काही कॅमेऱ्यांत खाचेजवळ एक बारीक पिन असते. झाकण उघडलं की तीच फ्रेमचा आकडा मूळ जागी आणते. तशी दिसली तर तिच्यावर फोम येऊ देऊ नका.

खाचेसाठी फोमऐवजी काळी लोकरही चालते. विणकामाचा धागा खाचेत दाबायचा, दोन्ही टोकांना गोंदाचा बारीक ठिपका. लोकरीचं पुन्हा डांबर होत नाही, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. सुटे तंतू मात्र आधी कापून टाका.

आरशाचा फोम विसरू नका. लेन्स काढल्यावर आत वर, फोकसिंग स्क्रीनच्या (व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जिच्यावर उमटतं त्या काचेच्या) पुढच्या कडेला ती आडवी पट्टी दिसते. वर उडालेला आरसा तिच्यावर आपटतो. ती चिकट झाली की आरसा वरच अडकतो. इथे अल्कोहोल जवळजवळ नकोच: बोळा ओला करून पिळून घ्या. थेंब स्क्रीनखाली गेला तर व्ह्यूफाइंडरमध्ये कायमचा डाग दिसतो. आरशावर कागद ठेवा. त्याचा चांदीचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, पुसला की ओरखडे पडतात. स्क्रीन आणि आरशावर फक्त फुग्याची हवा मारा. नवी पट्टी जुनीच्या न कुजलेल्या भागाएवढी जाड घ्या. जास्त जाड झाली तर आरसा पूर्ण वर जात नाही आणि फोटोची एक कड कापली जाते. कॅमेरा पूर्ण यांत्रिक आहे, बॅटरीशिवायही शटर चालतं. तेव्हा शटरचा वेग ‘बी’ (बल्ब, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) वर ठेवून, बटण दाबून धरा आणि आरसा सपाट वर गेलाय का ते समोरून पाहा.

एक रात्र सुकू द्या. दुसऱ्या दिवशी झाकण बंद करा. जोर न लावता ‘टक्’ आवाज यायला हवा. मग ४०० आयएसओचा रोल भरा आणि लेन्सवर टोपण ठेवून पहिल्या सहा फ्रेम अशा घ्या: प्रत्येक फ्रेमला कॅमेऱ्याची वेगळी बाजू, म्हणजे बिजागरी, कडी, वर, खाली, पाठ आणि शेवटी पुढची, उन्हाकडे करून दोन मिनिटं ठेवा, नंतर शटर दाबा. कोणत्या फ्रेमला कोणती बाजू, ते कागदावर लिहा. डेव्हलप केल्यावर या फ्रेम निगेटिव्हवर रिकाम्या, पारदर्शक दिसायला हव्यात. एखादी काळवंडली तर त्याच बाजूची पट्टी परत बसवा. उरलेल्या तीस फ्रेम नेहमीसारख्या वापरा.