'लोकानुनय' आणि पॉप्युलिझम

प्रश्न असा आहे: युरोपातले तरुण मतदार उजव्या पॉप्युलिस्ट पक्षांकडे का वळताहेत, यावरच्या लेखात 'पॉप्युलिझम'ला 'लोकानुनय' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. अनुनय म्हणजे मनधरणी. 'लोकानुनयी अर्थसंकल्प' म्हटलं की करसवलती, माफ्या, फुकट वाटप असंच डोळ्यांपुढे येतं. आता 'उजव्या लोकानुनयाला तरुण भुलले' हे वाक्य लिहून पाहा. कुणीतरी आमिष दाखवलं आणि पोरं फसली, हा अर्थ त्यात आपोआप शिरतो. पॉप्युलिझमचा गाभा निराळा आहे: इकडे खरी, कष्टाळू जनता, तिकडे तिला लुबाडणारे प्रस्थापित, आणि जनतेच्या वतीने बोलणारे फक्त आम्हीच. ही मांडणी डावीही असू शकते. १८९०च्या दशकात अमेरिकेत 'पॉप्युलिस्ट' म्हणवले गेले ते रेल्वे कंपन्या आणि बँकांवर संतापलेले शेतकरी होते. उजवे यात स्थलांतरितांना तिसरी बाजू म्हणून आणतात.

विशीतल्या मतदाराला घरभाडं झेपत नाही, कोविडने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली, आणि जुने पक्ष डावे असोत की मध्यममार्गी, त्याच्या लेखी सगळे सत्तेतलेच. फ्रान्समध्ये 'नॅशनल रॅली' या उजव्या पॉप्युलिस्ट पक्षाचा नेता, १९९५ साली जन्मलेला जॉर्डन बार्देला, टिकटॉकवरून थेट त्याच्याशी बोलतो. बार्देलाच्या पक्षाचं राजकारण मला घातक वाटतं. तरीही या मतदाराच्या रागाला 'भुलणं' म्हणणं अन्यायाचं आहे, आणि असा लेख तो तरुण दुसऱ्या ओळीलाच सोडून देईल.

'लोकरंजनवाद' रूढ होतो आहे, पण रंजनातही खूश करण्याचाच भाव येतो. 'जनवाद' डाव्या चळवळीने कधीच आपलासा केला आहे. मी 'लोकवाद' लिहीन, आणि पहिल्या वापराला वरचा अर्थ एका वाक्यात देईन. सरळ 'पॉप्युलिझम' लिहिलं तरी हरकत नाही.

त्याच लेखात 'तरुण पिढी उजवी झाली' असंही लिहिलं जाण्याचा धोका आहे. जर्मनीत फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत, मतदानोत्तर पाहणीनुसार, १८ ते २४ वयोगटात पहिला क्रमांक डाव्या 'दी लिंके'चा होता, सुमारे २५ टक्के. 'एएफडी' ही उजवी पॉप्युलिस्ट पार्टी २१ टक्क्यांच्या आसपास राहिली. मुलींचा कौल ठळकपणे डावीकडे होता, मुलांमध्ये एएफडी पुढे होती. तेव्हा 'पिढी' हा शब्द तिथे काढून 'तरुण पुरुष मतदारांचा मोठा गट' असं लिहा.