मुलगी गप्प झाली, म्हणजे तिला पटलं असं नाही

फोंड्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, पहिल्या सत्रात फिजिक्सला 58 मिळाले. अंटार्क्टिकाजवळचं थंड पाणी तळाला कसं जातं आणि त्यावर खोल समुद्रातले जीव कसे जगतात, हे तिला शिकायचं आहे. वडील लिहितात, ‘बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात एमबीबीएस, नाहीतर एक वर्ष ड्रॉप, असं आम्ही ठरवलंय. नीटसाठी अकरावीतच गणित सोडायला लावलं. आधी वाद घालायची, पण गणेश चतुर्थीपासून तिनं हा विषय काढलेला नाही. आता तिला पटलंय. शेवटी जीवशास्त्रच ना, मग डॉक्टर का नको? तुम्ही नीटचं वेळापत्रक आखून द्या.’

वेळापत्रक मी देणार नाही.

58 मार्कांची मला काळजी वाटली नाही, ते सावरता येतात. काळजी वाटली ती ‘आता तिला पटलंय’ या वाक्याची. आवडीच्या विषयासाठी भांडणारी मुलगी एकाएकी बोलायची थांबते, तेव्हा बहुतेकदा तिला पटलेलं नसतं. बोलून काही उपयोग नाही, एवढंच कळलेलं असतं. पत्रभर ‘आम्ही ठरवलं’ आहे, तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. ती धड जेवते का? झोपते का? मैत्रिणींशी पूर्वीसारखी बोलते का? आधी हे बघा. यात फरक पडलेला दिसला तर करिअर राहू द्या, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

‘शेवटी जीवशास्त्रच ना’ हे मात्र साफ चूक आहे. तिच्या विषयाची सुरुवात भौतिकशास्त्रात होते. अंटार्क्टिकाच्या बर्फावरून उतरणारे जोरकस वारे किनाऱ्यालगतचा समुद्रबर्फ पुढे ढकलत राहतात. उघड्या पडलेल्या पाण्यावर पुन्हा बर्फ धरतो, पण गोठताना बरंचसं मीठ पाण्यातच मागे राहतं. उणे 1.9 अंशांच्या आसपासचं हे जास्त खारं, जड पाणी उतारावरून तळाशी जातं आणि वाटेत इतर पाण्यात मिसळत उत्तरेकडे पसरतं. अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती संशोधन केंद्राजवळच्या प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेला, केप डार्नलीपाशी, असं तळपाणी तयार होतं, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये दाखवून दिलं. हे पाणी पृष्ठभागावरून मिळवलेला प्राणवायू सोबत नेतं. मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात, पाच किलोमीटर खोल चिखलात राहणारे कृमी आणि समुद्रकाकड्या हे प्राणी त्यावरच श्वास घेतात. अन्न त्यांना वरून झिरपतं, प्राणवायू दक्षिणेकडून येतो. हिमनगांचं आणि हिमकड्यांचं गोडं पाणी वाढलं की किनाऱ्याजवळचं पाणी हलकं होतं आणि तळाकडे जाणारा हा पुरवठा मंदावतो. हे समजायला घनता, प्रवाह, समीकरणं लागतात. म्हणजे डॉक्टर होण्यासाठी तुम्ही तिचं गणित काढून घेतलंत, आणि तिच्या विषयाला नेमकं तेच हवं होतं. माझ्या मते पत्रातली खरी चूक ही आहे.

ती भरून काढता येते. बारावीनंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून गणित हा एकच विषय घेऊन परीक्षा देता येते. प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्रात बीएस्सी करून पुढे सागरी विज्ञानात एमएस्सी हा सरळ रस्ता आहे, ताळगावला गोवा विद्यापीठातही. कुठल्या शाखेला कोणती पात्रता लागते, ते यंदाच्या माहितीपत्रकात पाहा. नीट द्यायला हरकत नाही, पण तिनं हो म्हटलं तरच. ड्रॉप मात्र नको.

बोटीवर मुलगी कशी जाईल, ही तुमची शेवटची शंका. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत 1983-84 च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या. ही संस्था आणि वास्कोला सड्यावरचं ध्रुवीय संशोधन केंद्र, दोन्ही फोंड्याहून बसने गाठता येतात. तिला तिथे घेऊन जायची परवानगी मागा. तिथे प्रश्न तिनं विचारू देत, तुम्ही नाही.

माझ्याकडे यायचं असेल तर दोघं या. पण आधी मी तिच्याशी एकटीशी बोलेन.